खोक्यावरचे वॅट आणि खोक्यातले वॅट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी वाचता येईल.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. समजा, उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये तुमचं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे. वर पत्रा, एका बाजूला शटर, आत लिफ्ट, टूलबोर्ड आणि एक जुनी बॅटरी. दिवसभर काम करताना गाणी हवीत आणि मोबाईलचा आवाज काही पुरत नाही. पाच-सहा हजार रुपये बाजूला टाकलेत. आता घ्यायचं काय? कोणी सांगतं, गाडीत लावतात ते कॉम्पोनंट स्पीकर घे. कोणी म्हणतं, तयार होम थिएटर उचल. दुकानात गेलात तर एका खोक्यावर ‘१००० वॅट’, शेजारच्या खोक्यावर ‘५००० वॅट’, आणि दोन्हींच्या किमतीत दोनशे रुपयांचाही फरक नाही.

हा आकडा आला कुठून? त्यावर विश्वास किती ठेवायचा? आणि हा प्रश्न उल्हासनगरातच विचारायला जास्त मजा का येते? आज इतिहास आहे तो याच आकड्याचा. आणि शेवटी खरेदीही आहे, काळजी नको.

छावणीचं गाव

थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळरानावर ब्रिटिशांनी सैनिकांसाठी तात्पुरती छावणी उभी केली. तिचं नाव कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कँप. ओळीने बराकी. बहुतेक बराकींत मध्ये मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं आणि बराकी ओस पडल्या. मग १९४७ ची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना इथे आणलं गेलं. बघता बघता लाखाच्या घरात माणसं या बराकींत राहायला लागली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं, उल्हासनगर. ‘कॅम्प नंबर एक ते पाच’ हे पत्ते मात्र तसेच राहिले. आजही रिक्षावाला विचारतो, “कौनसा कँप?”

आता १९४७ या सालाकडे दुसऱ्या बाजूने बघा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने एका ॲम्प्लिफायरचं सर्किट छापलं. घरी बसून कुणालाही बनवता येईल असं. जगभरच्या हौशी लोकांनी ते सोल्डर करून बनवलं. चांगला आवाज म्हणजे काय, याची मोजपट्टी पुढची कित्येक वर्षं हा ‘विल्यमसन’ होता. आणि त्याची ताकद किती होती माहितीये? साधारण १५ वॅट. हा १५ चा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला अमेरिकेत बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी आपल्या वरिष्ठांना ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. जगाला ही बातमी कळली जून १९४८ च्या अखेरीस. कल्याणच्या बराकींत लोक अजून पडदे लावून एका हॉलची चार घरं करत होते, तेव्हाची ही गोष्ट. पुढे याच गावातल्या दुकानांत ट्रान्झिस्टर डझनावारी विकले जातील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

एका स्पीकरचे दोन का झाले?

आता स्पीकर. आपण आज वापरतो तो कागदी कोनवाला, आत तारेची कॉइल आणि मागे चुंबक असलेला स्पीकर नीट आकाराला आला तो १९२५ च्या सुमारास, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ही त्यामागची दोन माणसं. त्यांनी नुसता स्पीकर बनवून सोडून दिला नाही. तो चालवायला पुरेल असा ॲम्प्लिफायरही सोबत बनवला. म्हणजे स्पीकर आणि ॲम्प ही जोडी आहे, एकाला दुसऱ्याशिवाय निवडायचं नाही, हे शहाणपण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मग बोलपट आले. आपल्याकडे १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. अचानक प्रश्न उभा राहिला, की हजार माणसांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा कसा? एकच स्पीकर ढोलही वाजवणार आणि ‘स’, ‘श’ ही स्पष्ट म्हणणार, हे जमेना. मोठा कोन जड असतो. हवा ढकलायला उत्तम, पण सेकंदाला दहा हजार वेळा थरथरायला तो सुस्त. लहान कोन चपळ असतो, पण ढोलाची हवा त्याच्याने हलत नाही. मग कामाची वाटणी झाली. १९३६ साली एमजीएम कंपनीने थिएटरसाठी बनवलेल्या शिअरर हॉर्नमध्ये खालच्या आणि वरच्या सुरांसाठी वेगवेगळे स्पीकर होते. त्याला ऑस्करचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं.

इंग्रजीत कुत्र्याच्या भुंकण्याला ‘वूफ’ म्हणतात आणि पाखराच्या चिवचिवाटाला ‘ट्वीट’. त्यावरून वूफर आणि ट्विटर. म्हणजे आपल्या भाषेत एक भुंक्या आणि एक चिवचिव्या! आणि दोघांना आपापलं काम वाटून देणारा मुकादम म्हणजे क्रॉसओव्हर.

गाडीतल्या ‘कॉम्पोनंट’ सेटमध्ये हेच तिघं असतात. साडेसहा इंची वूफर, इंचभराचा ट्विटर आणि एक छोटी क्रॉसओव्हरची डबी. याउलट ‘कोॲक्सिअल’ म्हणजे वूफरच्याच पोटात मध्यभागी ट्विटर बसवलेला. कोॲक्सिअल लावायला सोपा. कॉम्पोनंटमध्ये ट्विटर वेगळा असल्यामुळे तो कानाच्या उंचीला, हवा तिकडे वळवता येतो. गॅरेजमध्ये तुम्ही कधी उभे, कधी गाडीखाली बसलेले. तिथे हा फायदा खरंच जाणवतो.

क्रॉसओव्हर काही जादू नाही. सगळ्यात साधा क्रॉसओव्हर म्हणजे ट्विटरच्या तारेत लावलेला एक कपॅसिटर. ४ ओहमच्या ट्विटरला साधारण ४००० हर्ट्झच्या वरचंच द्यायचं असेल तर सुमारे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. ही दोन बोटांत मावणारी वस्तू वाचवायला गेलात तर ट्विटर पहिल्याच ढोल-ताशाला राम म्हणतो.

परदेशी मालाची भूक

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे रेडिओ ऐकायला सुद्धा सरकारी लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे. परदेशी टेपरेकॉर्डर, डेक, ॲम्प यांच्यावर जबरदस्त आयातकर. मग माल यायचा कसा? सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला, आपली माणसं तिकडे कामाला गेली आणि सुट्टीवर येताना खांद्यावर टू-इन-वन घेऊन आली. चाळीत ज्याच्या घरी तो असायचा, त्याच्या दाराशी पोरांची गर्दी.

ज्यांना परदेशी माल मिळत नव्हता, त्यांची भूक मात्र तीच होती. उल्हासनगरने ही भूक ओळखली. निर्वासित म्हणून आलेल्या माणसांकडे जमीन नव्हती, वाडवडिलांचं दुकान नव्हतं. बराकीतल्या खोलीत जे बनवता येईल, विकता येईल, ते त्यांनी बनवलं आणि विकलं. त्यातूनच तो प्रसिद्ध विनोद जन्माला आला, ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आजोबांना विचारा, ते हसून सांगतील.

विनोद ठीक आहे. पण त्यातली अर्धीच बाजू आपण ऐकतो. एखाद्या वस्तूची नक्कल करायची तर ती आधी उघडावी लागते. आत काय आहे, का आहे, स्वस्तात काय बसेल, हे कळावं लागतं. म्हणजे नक्कल करणाऱ्या बाजारातच वस्तूचं पोट ओळखणारी माणसंही तयार होतात. एकाच गल्लीत खोटं लेबल लावणारा असतो आणि ते लेबल बघून गालात हसणारा मिस्त्रीही असतो. आपल्याला आज या दुसऱ्या माणसाची नजर हवी आहे.

ॲम्प्लिफायरचंही तसंच झालं. साठच्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने २एन३०५५ नावाचा दणकट ट्रान्झिस्टर आणला. लोखंडी टोपीसारखा दिसणारा हा गडी गल्लोगल्लीच्या ॲम्पमध्ये पोचला. मग चिप आल्या. सान्यो कंपनीची एलए ४४४० ही चिप तर आपल्या देशी ॲम्पची कुलदेवता म्हणायला हरकत नाही. मिस्त्रीला नुसतं “चव्वेचाळीस चाळीस” म्हटलं तरी कळतं. पुढे मोठ्या ॲम्पसाठी तोशिबाचे ‘५२००’ आणि ‘१९४३’ या ट्रान्झिस्टरची जोडी. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर जवळच्या रिपेअरिंगच्या दुकानात, हे आकडे म्हणजे शिव्या-ओव्या असल्यासारखे कानावर पडतात.

आता या ४४४० ची खरी ताकद किती? कंपनीच्या कागदावर लिहिलंय, दोन चॅनेलला प्रत्येकी ६ वॅट, किंवा दोन्ही जोडून एकाच स्पीकरला १९ वॅट. बस्स, एवढंच. आणि एवढ्यात आपल्याकडे कितीतरी लग्नाच्या वराती घराघरातून निघाल्यात!

मग हजार आले कुठून?

इथे आपल्या गोष्टीतला खलनायक येतो. अमेरिकेत हायफायची लाट आली, तेव्हा कंपन्यांमध्ये आकड्यांची शर्यत लागली. एक कंपनी सतत मिळणारी ताकद छापायची, दुसरी क्षणभराचा उसळलेला कळस छापायची, तिसरी त्याचीही दुप्पट करायची. गिऱ्हाइकाने तुलना कशाची करायची? शेवटी १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला. घरगुती ॲम्पची ताकद जाहिरातीत सांगायची तर ती सतत मिळणारी, किती ओहमवर, किती विकृतीसकट, हे सगळं सांगावं लागेल. आज आपण जिला सैल भाषेत ‘आरएमएस वॅट’ म्हणतो, ती हीच प्रामाणिक मोजणी.

पण नियम एका देशात झाला म्हणून खोटेपणा मेला नाही. त्याने नवीन कपडे घातले. ते कपडे म्हणजे ‘पीएमपीओ’. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. हा मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली पद्धतच नाही. म्हणून जो जितका धीट, तितका त्याचा आकडा मोठा.

याला पकडायचं कसं? शाळेतल्या विज्ञानाने. ऊर्जा निर्माण होत नाही, नाहीशी होत नाही. खोक्यासोबत आलेला ॲडाप्टर उलटा करा. त्यावर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलंय? १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. भिंतीतून आत येतात २४ आणि स्पीकरमधून बाहेर पडतात १०००? अशी विहीर असती तर एमएसईबीने तीच घेतली असती.

आता गाडीच्या डेककडे या. पुढच्या पट्टीवर छापलेलं असतं, ‘५० वॅट गुणिले ४’. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो जास्त शिकवतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. डेकमधली चिप यापेक्षा जास्त उडी मारू शकत नाही. स्वच्छ सुरासाठी हिशेब असा: व्होल्ट गुणिले व्होल्ट, भागिले २, भागिले स्पीकरचे ओहम. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७. भागिले २, भागिले ४. उत्तर सुमारे २६. चिपमधली थोडी घट धरली तर वीसेक वॅट हातात.

मग ५० कसे आले? वरच्या हिशेबातला ‘भागिले २’ काढून टाका. २०७ भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२. आणि तो ‘भागिले २’ कधी निघतो? आवाज इतका फाटलेला असेल, की सुराची गोल लाट चपटी होऊन चौकोनी झालीय, तेव्हा. म्हणजे तो छापलेला आकडा खोटा नाही, पण तो फाटक्या आवाजाचा आकडा आहे. तुम्ही गाणं विकत घेताय, आणि तो तुम्हाला किंकाळीचं वजन सांगतोय.

डॉल्बीची शोकांतिका

लेबल आणि आतला माल यांची फारकत बघायची तर आपल्या महाराष्ट्राने एक अजब उदाहरण दिलंय. कोल्हापूर-सांगलीकडे मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या साउंड सिस्टीमला काय म्हणतात? ‘डॉल्बी’. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ अशा मोहिमाही झाल्या.

आता हे डॉल्बी कोण? रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. आणि त्याआधी ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून चक्क भारतात होते! त्यांचा गाजलेला शोध कोणता? टेपवर गाण्याच्या मागे जी ‘सूंऽऽ’ अशी खरखर येते, ती कमी करायचा. ज्या माणसाने आयुष्य गोंगाट कमी करण्यात घालवलं, त्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं. एकाही मिरवणुकीच्या भिंतीत त्यांचा कसलाही हात नाही. नावावर जायचं नसतं, ते यासाठी.

आता गॅरेजची खरेदी

चला, पैसे खिशात घेऊन निघूया. क्रम उलटा धरायचा. लोक आधी मोठ्या आकड्याचा ॲम्प घेतात आणि उरलेल्या पैशात स्पीकर. आपण आधी स्पीकर, मग ॲम्प, मग सप्लाय, आणि शेवटी पेटी.

स्पीकर निवडताना तीन आकडे विचारा. पहिला, ओहम. गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे, घरचे ६ किंवा ८ चे. ४ ओहमचे दोन समांतर जोडले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर होतात २ ओहम, आणि अनेक साधे ॲम्प त्यावर तापून बसतात. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर ८ होतात. ॲम्पवर किमान किती ओहम लिहिलेत, ते बघूनच जोडणी करा.

दुसरा आकडा, आरएमएस वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘मॅक्स’ असतो, आरएमएस कोपऱ्यात बारीक असतो. बारीक वाचा.

तिसरा आकडा कुणी विचारतच नाही, आणि तोच सगळ्यात कामाचा. सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आता हिशेब करा. एक स्पीकर ९२ डेसिबलचा, दुसरा ८६ चा. फरक ६ डेसिबल, म्हणजे ताकदीत चौपट. पहिल्याला २५ वॅट दिले, की जेवढा आवाज येतो, तेवढाच काढायला दुसऱ्याला १०० वॅट लागतील! मोठा ॲम्प घेण्यापेक्षा चढ्या सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेणं स्वस्त पडतं, ते असं.

कोणी ‘भोंगा लाव’ असा सल्ला देईल. भोंगा लांबवर बोलणं पोचवायला बनलेला आहे. अनाउन्समेंटला राजा, पण ढोलकी आणि बासरी दोन्ही त्यातून पळून जातात. गाण्यासाठी नको.

आता ॲम्प. गॅरेजला दोन रस्ते. बॅटरीवर चालवायचं असेल तर गाडीचा ॲम्प. मोठ्या कार ॲम्पच्या पोटात व्होल्टेज वाढवणारा सप्लाय असतो, म्हणून तिथे मगाचचा हिशेब लागू नाही. तिथे फ्यूज बघायचा. २० अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२ गुणिले २०, आत जास्तीत जास्त २४० वॅट. जुन्या पद्धतीचा, म्हणजे एबी क्लासचा ॲम्प असेल तर ढोबळमानाने त्यातले निम्मे उष्णतेत जातात. राहिले १२०. त्यावर ‘२००० वॅट’ लिहिलं असेल तर दुकानदाराला फक्त फ्यूज दाखवा आणि गप्प उभे राहा. भाव आपोआप खाली येईल.

लाइटवर चालवायचं असेल तर हल्लीचा डी क्लासचा छोटा बोर्ड उत्तम. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपचं उदाहरण घ्या. कंपनी सांगते, २१ व्होल्टवर ४ ओहमला प्रत्येक चॅनेल ५० वॅट. आपल्या सूत्रात घाला: २१ गुणिले २१ म्हणजे ४४१, भागिले २, भागिले ४, सुमारे ५५. बसतंय की! आता तोच बोर्ड १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर लावा. १४४ भागिले २, भागिले ४, फक्त १८. बोर्ड तोच, चिप तीच, पण सप्लाय बदलला आणि ताकद एक तृतीयांशावर आली. म्हणून बोर्डच्या पैशातून वाचवा हवं तर, सप्लायमध्ये वाचवू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पला हाच नियम वेगळ्या भाषेत आहे: हातात घ्या, वजन बघा. ट्रान्सफॉर्मरचं तांबं आणि लोखंड खोटं बोलत नाही.

एक गैरसमज मोडायचाय. “छोटा ॲम्प असेल तर स्पीकर सुरक्षित.” नाही हो! छोट्या ॲम्पचं बटण शेवटपर्यंत पिळलं की आवाज फाटतो, लाट चौकोनी होते, आणि त्या चौकोनी लाटेत वरच्या सुरांचा भरणा वाढतो. तो सगळा जातो बिचाऱ्या चिवचिव्याकडे. ट्विटर जळतात ते बहुतेक वेळा असे. म्हणून स्पीकरच्या आरएमएसच्या आसपास किंवा थोडा जास्त ताकदीचा ॲम्प घ्यावा, आणि फाटायला लागला की बटण मागे घ्यावं.

राहिली पेटी. गाडीचा वूफर उघडा टेबलावर ठेवून वाजवलात तर बास येतच नाही. कारण कोन पुढे जाताना समोरची हवा दाबतो आणि मागची ओढतो. दोन्ही लाटा कडेवरून भेटतात आणि एकमेकींना खातात. हे कोडं सोडवायलाही पिढी गेली. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवाबंद छोट्या पेटीत खोल बास काढून दाखवला. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी भोकवाल्या पेटीचं गणित मांडलं, आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. आज चांगल्या स्पीकरसोबत जो ‘थील-स्मॉल’ आकड्यांचा तक्ता येतो, तो यांचा. मोबाईलवरच्या फुकट कॅल्क्युलेटरमध्ये ते आकडे घातले की पेटीचं माप मिळतं.

आणि पेटी बनवायला उल्हासनगरसारखं गाव नाही. इथला फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे. १८ एमएमचा प्लाय मापाने कापून घ्या, सांधे फेविकॉलने हवाबंद करा. आत भरायला काय? या गावात जीन्स शिवतात. त्याचं कातरण, म्हणजे कापडाच्या चिंध्या, पेटीत सैलसर भरल्या की आतला घुमा कमी होतो. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज आपटून कलकलाट होतो, तिथेही भिंतीला जुनी गोधडी टांगली तर फरक पडतो. फक्त वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून आणि पेट्रोलपासून हे सगळं लांब ठेवा.

बॅटरी वापरणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ हवा, ॲम्पजवळ नव्हे. कारण वाटेत तार कुठे घासून शॉर्ट झाली, तर त्या तारेला वाचवायचंय. आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे ठिणगी नको.

शेवटचा आकडा

इतके आकडे झाले, आता एक असा, जो दुकानदार सांगणार नाही. कामाच्या जागी दिवसाचे ८ तास सहन करायची मर्यादा ८५ डेसिबल धरतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. आता आठवा, मगाचचा ९२ डेसिबलचा स्पीकर. एका मीटरवर, फक्त एका वॅटमध्ये! म्हणजे गॅरेजमधल्या पोराच्या कानाला पुरे आणि जास्त होईल एवढा आवाज काढायला हजार वॅट कधी लागतच नव्हते. एक-दोन वॅट लागत होते, आणि ढोलाचा ठोका स्वच्छ वाजावा म्हणून वर थोडी शिल्लक. विल्यमसनचे १५ वॅट जगाला का पुरले, ते आता कळलं ना?

शिवाय २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. तुमच्या खाजगी सिस्टीमचा आवाज तुमच्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. कॅम्पच्या गल्ल्या अरुंद, भिंतीला भिंत. शेजारच्या खोलीत बारावीचं पोरगं बसलेलं असू शकतं, नाहीतर नाईट शिफ्ट करून झोपलेला माणूस.

मंडळी, पीएमपीओचा आकडा वाढत राहिला, कारण आपण खोकं उघडत नाही. आपण दुकानात उभं राहून लेबल वाचतो आणि मान डोलावतो. ज्यांनी बराकीत राहून हे शहर उभं केलं, त्यांच्या हाती लेबल नव्हतंच, होती ती वस्तू उघडून बघायची सवय. ती सवय आजही रिपेअरिंगच्या टेबलावर जिवंत आहे. पण टेबलं कमी होतायत, कारण बंद पडलेलं आपण दुरुस्त करत नाही, फेकतो. तुमच्या गल्लीत असा मिस्त्री असेल तर खरेदीच्या आधी त्याच्याकडे दहा मिनिटं बसा. चहा तुमच्याकडून. तो ॲम्पचं झाकण काढेल, ट्रान्सफॉर्मर बोटाने दाखवेल, हीटसिंकवर टिचकी मारेल आणि खरा आकडा सांगेल. तो आकडा खोक्यावरच्यापेक्षा खूप लहान असेल. घाबरू नका, गाणं वाजायला तेवढा पुरतो.

पुढच्या भागात कॅसेटबद्दल बोलू. तोपर्यंत हा भाग गॅरेजवाल्या एखाद्या मित्राला पाठवा, आणि आवाज जरा बेतानेच ठेवा.